दाजींचं युनिट

आमच्या गल्लीत बेचाळीस घरं आहेत आणि त्या बेचाळीस घरांचा मिळून एकच जावई गल्लीत राहायला होता. सुभेदार आनंदराव हे त्यांचं नाव पेन्शनच्या कागदावर होतं. बाकी सगळ्यांना ते दाजी. माझ्या शेजारची हौसाअक्का ही त्यांची बायको. तिचं माहेर हेच, लहानपणी तिनं मला कडेवर घेऊन गावभर फिरवलेलं, म्हणून मी तिला अक्का म्हणायचो आणि तिच्या नवऱ्याला दाजी. पण अक्काचे ऐंशीच्या पुढचे चुलतेही त्यांना दाजीच म्हणत, आणि दूधवालाही. एकदा पोस्टमननं दारात उभं राहून "सुभेदारसाहेब आहेत का" असं विचारलं, तर अक्का म्हणाली, पुढच्या गल्लीत बघा.

दाजी मूळचे पाटणकडचे, कोयनेच्या खोऱ्यातले. पलटणीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी तिकडचं घर भावाला दिलं आणि सांगलीजवळच्या आमच्या या गावात अक्काच्या माहेराला लागून दोन खोल्या आणि एक ओटा बांधला. आमच्याकडे सासुरवाडीला येऊन राहिलेल्या माणसाला लोक जरा खालच्या नजरेनं बघतात. पहिल्याच आठवड्यात पारावर कुणीतरी तसं बोललं. दाजी शांतपणे म्हणाले, "मी सासुरवाडीला ऱ्हायला न्हाई आलो गड्या. माजं पोस्टिंग झालंय." त्यानंतर तो विषय निघाला नाही.

माणूस बुटका, छातीनं रुंद, मानेला जागाच नाही. वर-खाली दोन्हीकडं कवळी. जेवताना ती काढून ठेवायचे आणि प्यायला बसताना लावायचे. मी एकदा विचारलं, दाजी, हे उलटं नाही का? तर म्हणाले, "जेवताना कोन बगतंय?"

प्यायला बसणं हा दाजींचा रोजचा जाहीर कार्यक्रम होता. रम. कॅन्टीनची. दुसरी कुठली ते शिवत नसत. दिवेलागणीला दुसरी अंघोळ करायची, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालायचा, मिशीवरून कंगवा फिरवायचा आणि ओट्यावर खुर्ची रस्त्याकडे तोंड करून मांडायची. येणाजाणाऱ्याला दिसलं पाहिजे. त्यांचं म्हणणं होतं, चोरून पितो तो बेवडा, उजेडात पितो तो सुभेदार. माप विचारलं तर "दोन बोटं" सांगायचे. आता दाजी तरुणपणी पलटणीच्या कुस्तीच्या संघात होते, त्यामुळे त्यांची दोन बोटं म्हणजे आपल्यासारख्याचं मनगट. अशी दोन बोटं ते तीनदा घ्यायचे, मग उठून जेवायला जायचे. कधी आरडाओरडा नाही, शिवी नाही. फार तर समोरून जाणाऱ्या म्हशीला चाल सुधारायला सांगायचे.

माझं मेडिकलचं दुकान गल्लीच्या तोंडाशी. आम्ही जैन. मी दारूच काय, दिवस मावळल्यावर पाणीसुद्धा पीत नाही, तसा माझा वडिलांपासूनचा नेम. त्यामुळे दाजींच्या ओट्यावरून जाताना मी नुसती मान हलवायचो आणि ते माझ्याकडे अशा नजरेनं बघायचे की जणू मी वैद्यकीय कारणानं भरतीत नापास झालोय. मात्र त्यांच्या गोळ्या माझ्याकडून जायच्या. रक्तदाबाची सकाळी, दुसरी एक रात्री झोपेसाठी. त्या गोळ्यांना ते राशन म्हणायचे. राशन आणि रम यांचं एकमेकांशी जमत नाही, हे मी त्यांना तीन-चार वेळा सांगून बघितलं. "सुईर-सुतक हाय काय त्यांच्यात?" एवढंच त्यांनी विचारलं.

चौऱ्याहत्तराव्या वर्षी ते जमत नसल्याचं गल्लीला दिसलं. समोरून हायस्कूलचे निवृत्त हेडमास्तर चालले होते. दाजी रामराम घालायला खुर्चीतून ताडकन उठले, डोळ्यापुढं अंधारी आली आणि ओट्यावरून थेट गटारीत. कपाळावर सात टाके. शुद्धीवर आल्यावर म्हणाले, पाय घसरला. ओटा कोरडा ठणठणीत होता. अक्कानं कपाट उघडलं, त्यांचा नवा सदरा काढला आणि मला म्हणाली, "भूपाल, उद्या दुकान बंद ठेव. ह्यास्नी सांगलीला न्यायचं हाय."

सांगलीतल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, तिशीच्या असतील. त्यांनी तपासलं, कागद बघितले, मग पेन खाली ठेवून समजावून सांगायला लागल्या. "काका, वय वाढलं की अंगातलं पाणी कमी होतं, यकृताचा वेग कमी होतो. चाळिशीत जेवढी सोसायची तेवढीच आता जास्त चढते आणि जास्त वेळ राहते. वर तुम्ही या गोळ्या घेता. तोल जाणारच. खरं तर अजिबात न घेतलेली सगळ्यात बरी. घ्यायचीच असेल तर आठवड्याची युनिटं ठरलेली असतात, आणि तुमच्या वयाला तीसुद्धा कमी. त्या युनिटच्या बाहेर जायचं नाही. साठवून एका दिवशी प्यायची नाही. आणि आठवड्यातले काही दिवस पूर्ण कोरडे ठेवायचे."

दाजी खुर्चीत ताठ बसून ऐकत होते. पण त्यांच्या कानांना एका वेळी एकच हुकूम पोचायचा, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. उठताना त्यांनी टाचा जुळवल्या. "राइट, मॅडम."

परतीच्या सिटी बसमध्ये ते खिडकीतून बाहेर बघत होते. हळदीच्या वखारी मागे पडल्या, कृष्णेचा पूल गेला, तेव्हा म्हणाले, "बाई शानी हाय. तिचा बाप फौजेत असनार."

"का बरं?"

"युनिटच्या भाईर प्यायची न्हाई म्हनली. आरं, आमचे सीओसाब हेच सांगायचे. भाईरच्या मानसाबरूबर बसलं की घात हुतो. आपल्या युनिटातला मानूस समोर असंल तर तो आपल्याला सांबाळतो, आपुन त्याला. मी रिटायर झाल्यापास्नं एकटाच पितोय, म्हनून पडलो."

मी तोंड उघडलं. दाजी, युनिट म्हणजे माप, तुमची पलटण नव्हे, हे वाक्य माझ्या जिभेवर आलेलं होतं. तेवढ्यात माझ्यातला औषधविक्रेता हिशेब करून मोकळा झाला. दाजींच्या युनिटातली या भागात राहणारी माणसं दोन. पाटणकडचे हवालदार धोंडिराम आणि आटपाडीचे नाईक शिदू. दोघंही शंभरेक किलोमीटरच्या अंतरावर. त्यांच्याशिवाय प्यायची नाही, असं जर या माणसानं स्वतःच ठरवलं असेल, तर मला काय कुत्रं चावलंय मधे बोलायला?

मी तोंड मिटलं. घरी आल्यावर अक्काला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती, हात थांबला.

"मग तू काय बोललास?"

"काय न्हाई."

"बोलू नगंस," अक्का म्हणाली. "पन्नास वर्सांत ह्यो मानूस पैल्यांदा चुकीचं आयकून बरूबर वागाय लागलाय."

त्या संध्याकाळी दाजींनी अंघोळ केली, शर्ट घातला, कवळी लावली, ओट्यावर येऊन बसले आणि हातात चहाचा कप. गल्ली थांबून थांबून बघून गेली. हेडमास्तरांनी तर चष्मा पुसला.

हुकूम म्हणजे हुकूम, हे दाजींनी पुढं इतकं मनावर घेतलं की पाहुणेमंडळींना त्याचा त्रास व्हायला लागला. अक्काच्या भाच्याचं लग्न होतं. मुलीकडचे एक बागायतदार पाहुणे होते, हौशी माणूस. मंडपामागे त्यांनी परदेशी बाटली काढली आणि आग्रह करायला लागले. दाजींनी हात जोडले.

"पावनं, तुमचं युनिट?"

"आमचं व्हय?" पाहुणे खूश झाले. "एमआयडीसीत हाय की. दोन युनिटं हायती आपली."

दाजींचा चेहरा पडला. "दोन?"

"तिसरं बी काढायचं चाललंय."

दाजी तिथून उठून माझ्याकडे आले आणि कानात म्हणाले, "ह्या घरात पोरगी दिऊ नका... न्हवं, ह्या घरातली पोरगी करू नका. तो मानूस दोन युनिटांतनं पळून आलाय आनि तिसऱ्यातनं पळायच्या तयारीत हाय." अक्षता पडल्या होत्या म्हणून बरं.

गावात आणखी एक माजी सैनिक होता, सप्लायमधून हवालदार झालेला. त्याला वाटलं, चला, आता आपल्याला सोबत मिळाली. दाजींनी त्याला ओट्यावर बसवलं, चहा दिला आणि सांगितलं, "तुमी लय चांगलं मानूस हाय. पन तुमी तांदूळ पोचवायचा, आमी खायाचा. युनिट येगळं." तो बिचारा महिनाभर बोलत नव्हता.

कॅन्टीनमधून रमचा कोटा मात्र दर महिन्याला दाजी आणायचेच, हक्क सोडायचा नाही म्हणून. बाटल्या साठत गेल्या. अक्कानं त्यातली एक फोडून गुडघ्याला चोळून बघितली, गुण आला म्हणाली. मग शेजारच्या काकूला दिली, तिनं नणंदेला. वर्षभरात आमच्या गल्लीतल्या बायकांचे गुडघे पलटणीच्या रमवर चालायला लागले आणि माझ्या दुकानातली मलमं धूळ खात पडली.

पण दाजींनी त्या दोघांनाही बोलावणं धाडलं होतं, आणि दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी युनिट जमायचं. सकाळच्या एसटीनं पाटणकडून धोंडिराम हवालदार यायचे, काळ्या घेवड्याची पिशवी घेऊन. दुसरीकडून आटपाडीचे शिदू नाईक, डाळिंबं घेऊन. शिदू नाईक एका कानानं बहिरे, त्यामुळे त्यांची बोलणी पूर्ण गल्लीला ऐकू जायची. अकराला बसायचे ते चारपर्यंत. त्या दिवशी दोन बोटांवर काही भागायचं नाही. महिन्याची राहिलेली सगळी बोटं त्या एका दिवशी मोजली जायची. चारच्या एसटीला बसवून देताना तिघं एकमेकांना धरून असे चालायचे की कोण कुणाला सोडायला चाललंय ते कळायचं नाही.

मला ते बघून घाम फुटायचा. साठवून एका दिवशी प्यायची नाही, हे बाईंनी सांगितलेलं मला शब्दन् शब्द आठवत होतं. पण ते सांगायचं तर युनिटचा अर्थ सांगावा लागणार, आणि अर्थ सांगितला की एकोणतीस दिवसांचा कोरडेपणा हातचा जाणार. अक्का म्हणायची, एक दिवस गेला तर जाऊ दे. मी दर महिन्याच्या त्या रविवारी दुकानात बसून कुणी पडल्याची हाक येते का म्हणून कान देऊन असायचो. औषधाचा धंदा करणाऱ्या माणसाला हे शोभत नव्हतं, ते मला कळत होतं. तरी मी गप्प बसलो.

पुढच्या तपासणीला बाईंनी विचारलं, "काका, आता किती युनिट?"

"युनिट येकच," दाजी म्हणाले. "त्यातलं तीनच ऱ्हायलेत."

"आठवड्याला तीन?"

"न्हाई न्हाई, म्हैन्याला. दुसऱ्या रविवारी."

"महिन्याला तीन?" बाईंनी त्यांचा रक्तदाबाचा आकडा पुन्हा बघितला, तो सुधारलेला होता. "काका, तुमच्यासारखा पेशंट मी बघितला नाही."

"मॅडम, तिघं बी चांगलं हायती," दाजी म्हणाले. मी भिंतीवरच्या किडनीच्या चित्राकडे बघत राहिलो.

असं पाच वर्षं चाललं. मग एका श्रावणात धोंडिराम हवालदार गेले. झोपेतच गेले, त्रास झाला नाही. दाजी पाटणला जाऊन आले. पुढच्या दुसऱ्या रविवारी शिदू नाईक एकटेच आले आणि दोघं बसले, पण दुपारी दोनलाच उठले. त्या दिवशी शिदू नाईक मोठ्यानं बोलले नाहीत म्हणून गल्लीला चुकल्यासारखं झालं. त्यानंतर सात महिन्यांनी शिदू नाईकांच्या मुलाचा फोन आला. फोन दाजींनीच घेतला. "व्हय. व्हय. कवा?" एवढं बोलून त्यांनी तो अक्काच्या हातात दिला.

त्या दिवसापासून दाजींनी थेंब घेतला नाही. अक्काला आधी बरं वाटलं. नवस फेडायचं ठरवत होती. पण मग दाजींनी दुसरी अंघोळ सोडली. शर्टाला इस्त्री नको म्हणाले. ओट्यावरची खुर्ची आत गेली. मिशी वाढून तोंडात जायला लागली. समोरून म्हशी वाटेल तशा चालत गेल्या, त्यांना कुणी बोललं नाही. त्यांचा पुण्यातला मुलगा फोन करून म्हणायचा, बाबांनी सोडली ते छान झालं. अक्का फोन ठेवून माझ्याकडे बघायची.

एके दिवशी भर दुपारी ती दुकानात आली. गिऱ्हाईक जायची वाट बघत उभी राहिली आणि मग म्हणाली, "पीत न्हाईत. पन जेवत बी न्हाईत, बोलत बी न्हाईत. मानूस वाचवून मी काय करू रं, मानूस बोलंना तर? त्यास्नी सांग आता, युनिट म्हंजे काय ते. निदान दोन घोट घिऊन माझ्यावर खेकसतील तरी."

अक्का माझ्यापुढं कधी रडली नव्हती. मी दुकान बंद केलं, वाटेत घरातून लाईटबिल घेतलं आणि गेलो.

दाजी पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडले होते. मी बिल त्यांच्यापुढं धरलं. "दाजी, हे बघा. युनिट. हे विजेचं माप आहे. तसं दारूचंही माप असतं, त्याला डॉक्टर युनिट म्हणतात. बाईंनी मापाबाहेर पिऊ नका म्हणून सांगितलं होतं. तुमच्या पलटणीचा त्यात काही संबंध नव्हता."

दाजींनी बिल घेतलं, लांब धरून वाचलं, परत माझ्या हातात दिलं. हळूहळू उठून बसले.

"तुला कवापास्नं ठावं?"

"त्याच दिवसापासून."

"बसमदी?"

"बसमध्येच."

"म्हंजे हुकूम चुकीचा कळला, हे तुला समजलं आनि तू रिपोर्ट न्हाई केलास."

"नाही केला."

दाजी उभे राहिले. "भूपाल, फौजेत ह्याला लय मोटी शिक्षा हाय." कितीतरी दिवसांनी त्यांचा आवाज चढला होता. दारात अक्का उभी होती, तिनं पदर तोंडाला लावला, हसू लपवायला की काय ते मला समजलं नाही. "तुला माफी न्हाई. तुजी भरती करतो. आजपास्नं तू युनिटात."

"दाजी, मी जैन. मी घेत नाही."

"पलटनीत न घेनारं बी हुतं की. बसायचं ते बरूबरच."

"दिवस मावळल्यावर मी पाणीसुद्धा पीत नाही."

दाजींनी खिडकीतून उन्हाकडे बघितलं. "मग दिवस मावळायच्या आत बसू. रिपोर्टिंग पाच वाजता."

मी भरती झालो खरा, पण माझीही अट घातली. माप माझं. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर रेघांचं प्लॅस्टिकचं झाकण येतं, ते मी धुऊन नेलं. बाईंना फोन करून त्या वयाला, त्या गोळ्यांवर फार तर किती चालेल ते विचारलं, तेव्हा आधीची सगळी हकिकतही सांगून टाकली. त्या इतक्या हसल्या की फोन दोनदा कट झाला. मग गंभीर होऊन त्यांनी रेघ सांगितली, रात्रीची गोळी बंद केली आणि मला खडसावलं, तेही बरोबरच होतं. दाजींनी ते झाकण डोळ्यासमोर धरलं. "ह्यात काय, कावळ्याला आंगूळ घालायची?" पण रेघेवर ठाम राहिले. मापच आहे म्हटल्यावर ते एक थेंब इकडं-तिकडं होऊ देत नसत, वरून मलाच म्हणायचे, रेघेच्या खाली हाय, भर.

आणि गंमत अशी झाली की बाईंचे सगळे नियम माझ्या पंचांगानं पाळले. अष्टमीला आणि चतुर्दशीला माझा उपवास, त्या दिवशी मी जात नसे. पर्युषणाचे दहा दिवस तर मी मंदिरातच. युनिटातला माणूस नाही म्हणजे परेड नाही. दाजींच्या कॅलेंडरवर माझे उपवास लाल पेनानं लिहिलेले असायचे आणि पुढं 'कोरडा'. थंडीत दिवस लवकर मावळायचा तर बैठक आखूड, म्हणून दाजी कुरकुरायचे की भूपालचा सूर्य लवकर बुडतो. माझी बायको म्हणायची, देवळातून निघून बाटलीपुढं जाऊन बसता, लोक काय म्हणतील. लोक काही म्हणत नव्हते. लोक माझ्याकडून रमचं झाकण मागून नेत होते, त्यांच्या घरच्या म्हाताऱ्यांसाठी.

ओट्यावर परत खुर्ची आली, आता दोन. दाजींनी नळाला माझ्यासाठी चौघडी फडकं बांधलं, गाळलेलं पाणी लागतं म्हणून. अक्का बिनलसणाचं भडंग करायला शिकली आणि दाजी प्रत्येकाला सांगायचे, ह्यात लसून न्हाई, आमच्या युनिटात चालत न्हाई. मी पाणी प्यायचो, ते त्यांची रेघ प्यायचे. बोलायचं काय? ते मला पलटणीतल्या गोष्टी सांगायचे, धोंडिराम आणि शिदूच्या. एकच गोष्ट तीनदा सांगितली तर मी म्हणायचो, झालीय ही. ते म्हणायचे, तू तवा भरती नव्हतास, तुला काय ठावं.

दोन वर्षांनी दाजींचं हृदय थकलं. रक्त पातळ करायची गोळी सुरू झाली आणि बाईंनी सांगितलं, काका, आता थेंबही नको. मला वाटलं, आता परत भिंतीकडे तोंड. दाजींनी विचार केला.

"पानी चालंल?"

"पाणी चालेल."

"मग परेड चालू," ते म्हणाले.

त्यानंतर आम्ही दोघंही पाणीच प्यायला लागलो. फुलपात्रात. खुर्चीवर बसवेनासं झालं तेव्हा अक्कानं पलंग पश्चिमेच्या खिडकीशी सरकवला आणि मी तिथं स्टूल टाकून बसायचो. ते घोटभर घ्यायचे, मी घोटभर घ्यायचो. कधी कधी बोलणंच नसायचं. मला खरं सांगायचं तर दिवसातला तेवढाच वेळ आपला वाटायला लागला होता.

थंडीतली गोष्ट. दुकानात माल आला होता, खोकी उतरवून घेता घेता मला वेळेचं भान राहिलं नाही. धावत गेलो तर खिडकीत नुसती लाली उरलेली. दाजी उशाला टेकून बसले होते. दोन्ही फुलपात्रं भरून ठेवलेली, त्यांचंही तसंच. ओठ कोरडे पडले होते.

"पाचपास्नं बसलेत," अक्का म्हणाली. "घोट घ्या म्हनलं तर म्हनतात, मानूस आल्याबिगर न्हाई."

मला इतकी शरम वाटली की मी स्टुलावर बसलो आणि माझं फुलपात्र उचललं. वडिलांपासूनचा नेम होता, पण त्या क्षणी मला तो नेम मोठा वाटला नाही. फुलपात्र तोंडापर्यंत गेलं. दाजींनी हात पुढं केला आणि त्याच्यावर तळवा ठेवला. तो हात आता हलका झाला होता.

"मावळला," ते म्हणाले.

"दाजी, एक घोट. तुमच्याबरोबर."

"न्हाई. इतकी वर्सं माजं तू सांबाळलंस. तुजं मी सांबाळतो." त्यांनी माझ्या हातातून फुलपात्र काढून खाली ठेवलं. मग स्वतःचं उचलून दोन घोट प्यायले, कारण मी आलो होतो. "उद्या येळेवर रिपोर्ट कर."

त्यानंतर दाजी अकरा दिवस होते. मी एकही दिवस उशीर केला नाही. शेवटच्या दिवशी चतुर्दशी होती, माझा निर्जळ उपवास. तरी गेलो. दाजींनी कॅलेंडरकडे बघितलं, लाल अक्षर दिसलं.

"आज कोरडा हाय. कशाला आलास?"

"बसायला."

अक्कानं त्यांना औषधापुरतं पाणी आधीच दिलं होतं, त्यांनी आणखी मागितलं नाही. रिकामी फुलपात्रं पुढं ठेवून आम्ही दोघं दिवस मावळेपर्यंत बसलो. मावळल्यावर ते म्हणाले, "डिसमिस," आणि मी उठलो. दारातून वळून बघितलं तर ते माझं फुलपात्र बोटानं हळूहळू सरकवत आपल्या फुलपात्राच्या रांगेत आणत होते. कड जुळली तेव्हा त्यांनी हात मागं घेतला.

पहाटे अक्काची हाक आली. सगळं आटोपल्यावर तिसऱ्या दिवशी मी दुकान उघडलं. पाच वाजले, सवयीनं शटर खाली ओढलं, आणि मग कुठं रिपोर्ट करायचा ते कळेना म्हणून तिथंच पायरीवर बसून राहिलो.